दोन पिवळे सेट

१

कपाटाचं कुलूप जागच्या जागी होतं. मी किल्ली फिरवली, दार उघडलं आणि सवयीने मोजले. काळे चार, पिवळे दोन.

पिवळेही चारच हवे होते. मी वरचा खण पाहिला, खालचा पाहिला, जुन्या फायलींच्या मागे हात घालून जळमटं अंगावर ओढून घेतली. दोन वॉकीटॉकी सेट नव्हते म्हणजे नव्हते. त्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये असते, आणि आदल्या संध्याकाळी आठही सेट आत ठेवून कुलूप मीच लावलं होतं.

मी गावच्या कचेरीत क्लार्क आहे. गाव नदीकाठी आहे. वर धरण, खाली आम्ही, पलीकडच्या काठावर शंभरेक घरांची वस्ती. मध्ये पूल नाही, लाँच आहे. गेल्या वर्षीच्या वादळात मोबाइलचा टॉवर आडवा झाला आणि दीड दिवस कुणाला कुणाची खबर लागली नाही. पाणी चढलं म्हणून धरणाचं गेट उघडलं गेलं, आणि नेमकी तेव्हाच लाँच नदीच्या मधोमध होती. आत नऊ माणसं. लाँच भोवऱ्यासारखी फिरत जाऊन वाळूत रुतली म्हणून सगळे वाचले. एकाच्या पायावर निभावलं.

त्यानंतर ठरलं, की टॉवर पडला तरी चालतील असे सेट घ्यायचे. एका कंपनीने दोन प्रकारचे सेट वापरून बघायला दिले. काळा तळहातात मावणारा, हलका, चार्जरवर चालणारा. पिवळा विटेएवढा, साध्या सेलवर चालणारा, पाण्यात पडला तरी बोलत राहणारा. कचेरी, दवाखाना, लाँच आणि धरण अशी चार ठाणी नेमली. तीन दिवस काळे वापरले, तीन दिवस पिवळे. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला कचेरीतून हाक जायची, ज्याला ऐकू आलं त्याने उत्तर द्यायचं, आणि मी ते वहीत लिहायचं.

आज मंगळवार. आज समिती बसून निवड करणार होती. आणि नव्या वादळाचा इशारा होता गुरुवारचा.

समितीचे अध्यक्ष हेडसर. त्यांनी कपाटात डोकावून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"परक्याची वस्तू आहे," ते म्हणाले. "सेट सापडल्याशिवाय बैठक नाही. उद्या चारपर्यंत सापडले नाहीत, तर उरलेले सहा परत पाठवायचे आणि झाला प्रकार कळवायचा."

"आणि गुरुवारचं वादळ, सर?"

ते कपाटाचं दार लोटत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, या कपाटाची किल्ली तुमच्याचकडे असते ना?"

२

मी तडक घरी गेले आणि आईंना सगळं सांगितलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी ऐकताना अजून डोळे मिटतात.

या सेटशी त्यांचा संबंध आला होता. पहिल्या दिवशी हेडसरांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, बोलायचं कसं ते शिकवायला. "बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला," आईंनी कचेरीच्या हॉलमध्ये सगळ्यांना दहादा सांगितलं होतं. "नाहीतर पहिला शब्द कापला जातो." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पुढचे सहा दिवस वायरवर 'चेरी', 'वाखाना' आणि 'आँच' अशी तीन नवीन ठाणी बोलत होती.

"वायर कुठे आहे यात?" मी एकदा म्हटलं होतं.

"माझ्यासाठी ती वायरच," आई म्हणाल्या होत्या.

आता त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. "रडून झालं असेल तर सांग. एक गेला का दोन?"

"दोन."

"दोन्ही पिवळे?"

"हो ना."

"मग चोर विकणारा नाही. विकणारा काळे नेईल, खिशात मावतात. कुणाचा राग काढायचा असता तर एकही पुरला असता. एकसारखे दोन नेले गं. त्याला बोलायचंय." त्यांनी डोळे मिटले. "आणखी काय गेलंय?"

"काही नाही."

"बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. आम्ही दोघी कचेरीत परत आलो. पिवळ्या सेटबरोबर कानात घालायच्या वायरी आल्या होत्या, प्लास्टिकच्या चार पिशव्यांत. कुणालाच नको होत्या, म्हणून त्या तशाच खोक्यात पडून होत्या. मी मोजल्या. तीन.

"आणि दुसरी किल्ली?" आईंनी विचारलं.

दुसरी किल्ली कॅलेंडरच्या मागे खिळ्याला असते. हे गुपित गावातल्या मांजरांनाही माहीत आहे. किल्ली होती, पण खिळ्यावर उलटी टांगलेली.

"काल संध्याकाळी इथे कोण कोण होतं?"

मी बोटांवर मोजले. हेडसर. दवाखान्यातल्या सिस्टर. लाँच चालवणारे तांडेल. विजेच्या दुकानाचा वायरमन. धरणावरचे गेटवाले अप्पा आले नव्हते. त्यांचा सेट पाचच्या हाकेनंतर काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, वर जाऊन आणून दिला होता. त्या रोज चारला कचेरी झाडायला खाली येतातच.

"चल," आई चपला घालत म्हणाल्या. "वायरमनपासून सुरू करू. तो कालपासून फार खुशीत आहे असं ऐकते."

३

वायरमन खरंच खुशीत होता. दुकानात गल्ल्यामागे उघडलेल्या पंख्यात तोंड घालून शीळ वाजवत बसला होता. टेबलावर फडक्याखाली काहीतरी झाकलेलं. फडक्याच्या कोपऱ्यातून पिवळं प्लास्टिक डोकावत होतं.

मी आईंना कोपर मारलं. आईंनी सरळ फडकं उचललं.

बॅटरी होती. साधी, हातातली, पिवळी बॅटरी.

"दुरुस्तीला आलीय," वायरमन म्हणाला आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "मावशी! माझ्यावर संशय? मला त्या पिवळ्या विटा कशाला? मी पहिल्यापासून काळ्याच्या बाजूचा. आणि खरं सांगू, काळाही नापास. वही बघा. संध्याकाळी पाचला धरणाशी एकदा तरी बोलणं झालंय का? सहा दिवस, एकदाही नाही. कचेरीच्या छपरावर उंच खांब उभारा, त्यावर मी एरियल लावून देतो, मग बघा."

"म्हणून शीळ होय," आई म्हणाल्या.

दवाखान्यात सिस्टर एका आजोबांचा रक्तदाब बघत होत्या. "काळाच घ्या," त्यांनी कानातली नळी न काढताच सांगितलं. "माझ्या एका हातात पेशंट, दुसऱ्या हातात सलाईन. ती वीट मी कुठे धरू? दातांत?" मग नळी काढून त्या माझ्याकडे वळल्या. "तू जेवलीस का गं? तोंड बघ केवढंसं झालंय. तू चोरलेस असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठव, इंजेक्शन देते."

तांडेल धक्क्यावर लाँचचा दोर वळत होते. हात ओले, बोटं दोराएवढीच जाड.

"पिवळाच," ते म्हणाले. "काळ्याची बटणं म्हणजे मुंगीचे डोळे. ओल्या बोटाने एक दाबलं की चार दाबली जातात. आणि मावशी, मला चोरायचेच असते तर चारही नेले असते, त्यातला एक तुमच्या सूनबाईंना भेट दिला असता."

"संध्याकाळी धरणापर्यंत आवाज पोचत नाही म्हणतात," आई म्हणाल्या.

तांडेलांच्या हातातला दोर थांबला. "कोण म्हणतं? परवा संध्याकाळी पाचला मी धरणाच्या पायथ्याशीच होतो, लाँचच्या पंख्यात अडकलेलं जाळं सोडवत. कचेरीची हाक मला खणखणीत ऐकू आली. वर पोचत नाही असं नाही. वरचा माणूस उचलत नाही."

"अप्पा?"

"अप्पा! गेल्या वर्षी मी नदीत मधोमध होतो, गेट उघडायला लागलं तेव्हा. तीनदा भोंगा दिला. लाँचचा भोंगा! झोपलेलं गाव उठून बसेल. अप्पा वर कठड्याशी पाठमोरा उभा, मला दिसत होता. वळूनसुद्धा बघितलं नाही." त्यांनी दोर खाली टाकला. "वीस वर्षांची दोस्ती होती आमची. वर्ष झालं, मी त्याच्याशी बोललेलो नाही. त्याला कुठलाही सेट द्या. माजलेला माणूस उचलायचा नाही."

कचेरीत परत येऊन आईंनी वही मागितली, आणि धरणाच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेलं. सकाळी आठ, उत्तर मिळालं. संध्याकाळी पाच, उत्तर नाही. काळ्याचे तीन दिवस तसेच, पिवळ्याचे तीन दिवस तसेच.

"सर म्हणतात, संध्याकाळी डोंगराकडची हवा बदलते," मी म्हटलं.

"हवा," आई म्हणाल्या. "रोज घड्याळ बघून बदलते वाटतं."

त्यांनी कपाटातला उरलेल्यातला एक पिवळा सेट काढला, खिडकीशी खुर्ची ओढली आणि आवाज पूर्ण वाढवला.

"आता काय?" मी विचारलं.

"ज्यांनी नेलेत त्यांना बोलायचंय ना? मग बोलू दे की."

४

दीड वाजता आईंनी डोळे मिटले. दोन वाजले, अडीच वाजले. सेटमधून नुसती खरखर. मी पत्रांना जावक क्रमांक घालत होते आणि दर पाच मिनिटांनी वर बघत होते. मला वाटलं आईंना झोप लागली.

तीनला काही मिनिटं कमी असताना सेट टचकन वाजला.

बटण दाबल्याचा आवाज. मग एक श्वास. मग वाऱ्यात अर्धीमुर्धी पुसलेली बाईमाणसाची कुजबुज: "आता?"

थांबणं. पुन्हा टच, पुन्हा श्वास.

"ऐकू आलं तर हात वर करा."

मागे पाण्याचा अखंड घोष चालला होता. मी धावत जाऊन बटणाकडे हात नेला, "कोण बोलतंय" म्हणून दरडावायला. आईंनी माझं मनगट धरलं.

पुढची पाच मिनिटं तो आवाज तेच म्हणत राहिला. दर वेळी थोडा लांबून, थोडा जोरात. "आता? ऐकू आलं तर हात वर करा." शेवटी एक हुंदका की हसू, कळलं नाही, आणि सेट बंद.

आईंनी डोळे उघडले. डोळ्यांत पाणी होतं. बारा वर्षांत मी त्यांना दोनदाच रडताना पाहिलं होतं.

"कळलं तुम्हाला? कोण होतं?"

"उद्या सकाळी वर जाऊ. दोघं घरी असताना."

"दोघं?"

"जाताना बिस्किटं घे. मोकळ्या हातांनी नको."

चारला काकू झाडायला आल्या. नेहमीसारखा त्यांनी केर काढला, आणि त्या दिवशी माझं टेबल दोनदा पुसलं. माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार असं वाटलं, पण हेडसर आत आले आणि त्या बादली उचलून निघून गेल्या.

"उद्या चार वाजता," हेडसरांनी मला आठवण करून दिली. "मी कंपनीला पत्र लिहून ठेवलंय. तारीख तेवढी घालायचीय."

५

धरणावरचं अप्पांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि लांबच लांब कठडा. आम्ही पोचलो तेव्हा अप्पा गेटच्या चाकाला ग्रीस लावत होते. आम्हाला पाहताच ते बोलायला लागले. पाणी किती चढलं, ग्रीस कसं भेसळीचं येतं, गुरुवारचं वादळ कुठून वळेल. अप्पा तसे गावात बोलण्याबद्दल प्रसिद्धच. ते सुरू झाले की समोरच्याला 'हो' म्हणायलाही फट मिळत नाही.

काकूंनी आम्हाला आत बसवलं आणि चहा टाकला; बोलत बोलत अप्पाही आत आले. आई उठल्या. "मी ओतते," म्हणाल्या, आणि अप्पांकडे पाठ करून कपात चहा ओतायला लागल्या.

"अप्पा, तुम्हाला साखर किती?" पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं.

"आणि वारा म्हणाल तर उद्या दुपारनंतर," अप्पा माझ्याकडे बघून सांगत होते.

"अप्पा, तुमच्या मागे साप आहे," आई तितक्याच आवाजात म्हणाल्या.

मी टुणकन उठले. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. अप्पा वाऱ्याबद्दलच बोलत राहिले. मग माझा चेहरा बघून थांबले, काकूंकडे बघितलं, आईंच्या पाठीकडे बघितलं, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावरचं हसू उतरलं.

आईंनी वळून कप त्यांच्यासमोर ठेवला, त्यांच्यासमोर बसल्या, आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश विचारलं, "किती दिवस झाले, अप्पा?"

बोलल्या त्या काकू.

"दीड वर्ष. आधी एक कान, मग दुसरा. सांगितलं असतं तर काढलं असतं ना यांना. तीस वर्षं हे गेट यांनी लेकरासारखं सांभाळलंय." त्यांनी कॉटखालून कापडी पिशवी ओढली आणि त्यातून दोन पिवळे सेट आणि कानात घालायची वायर काढून माझ्यासमोर ठेवली. "बाई, मी चोर नाही. मी आज गुपचूप परत ठेवणार होते. काल तुमच्यावर आळ आलाय हे कळलं, आणि माझ्याच्याने अन्न गेलं नाही."

"तुम्हाला कसं कळलं?" मी आईंना विचारलं.

"तुझ्याच वहीत होतं," आई म्हणाल्या. "सकाळी आठला काकू घरी असतात, तेव्हा धरण उत्तर देतं. संध्याकाळी पाचला त्या आपल्याकडे झाडत असतात, तेव्हा धरण मुकं. सेट कुठलाही असो. म्हणजे कमी सेटमध्ये नव्हतं. ऐकणारा कान काकूंचा होता. मग तांडेलांचा भोंगा. एवढ्या जवळून तो ऐकून न वळणारा माणूस एकतर दगड असेल, नाहीतर बहिरा. अप्पा दगड नाहीत."

"पण सेट काकूंनीच नेले हे?"

"काल वायरवर काय आलं? 'हात वर करा.' हात वर केलेला दिसायला माणूस नजरेच्या टप्प्यात हवा. दिसतंय त्या माणसाशी सेटवरून कोण बोलतं? जिला त्याचे कान तपासायचेत, ती. 'कर' नाही म्हणाली, 'करा' म्हणाली. मागे धरणाचं पाणी. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट सांगू? बटण दाबल्यावर ती एक श्वास थांबत होती." आईंनी काकूंचा हात हातात घेतला. "मी त्या हॉलमध्ये घसा फोडून शिकवलं. हेडसर, वायरमन, तांडेल, एकानेही लक्षात ठेवलं नाही. माझी शिकवणी एकट्या त्या बाईने ऐकली, जी मागे केर काढत होती. संशयितांच्या यादीत तिचं नाव लिहायचंसुद्धा आपल्याला सुचलं नाही."

मला मान वर करता येईना. सहा दिवस पाचच्या हाकेला धरणाकडून उत्तर आलं नाही, की काकूंचा झाडू थांबायचा. मी रोज बघत होते. मला वाटायचं, दमल्या असतील.

"आज कुठला सेट घ्यायचा ते ठरणार," काकू म्हणाल्या. "यांना कुठल्या सेटवर ऐकू येतं ते मला आधी बघायचं होतं. काळ्याचा आवाज बारीक, आणि तो यांच्याकडे होता तेव्हा काहीच कळलं नव्हतं. पिवळ्याचा मोठा. कठड्याच्या त्या टोकाला यांना उभं केलं, कानात वायर घालून. मी लांब लांब जात गेले."

"आणि?"

उत्तर अप्पांनी दिलं. सगळा वेळ ते आमचे ओठ वाचत होते. "डाव्या कानात येतं. बाकी सगळ्यांचे आवाज गिचमिड. हिचा तेवढा कळतो."

आई उठल्या. "सेट ही घेऊन जाईल. पण कान कुणाचा गेलाय ते समितीला तुम्ही सांगायचं, अप्पा. आम्ही नाही."

अप्पांनी मान खाली घातली. चारला ते येतील की नाही, हे आम्हाला दोघींनाही सांगता आलं नसतं.

६

चार वाजले तेव्हा टेबलावर आठ सेट होते. हेडसरांनी ते दोनदा मोजले. "कुठे होते?"

"सांगणारे येतायत," आई म्हणाल्या. येतायत की नाही हे त्यांनाही माहीत नव्हतं.

सव्वाचार झाले. वायरमन खांबाचा नकाशा उलगडायला लागला. तेवढ्यात दारात अप्पा दिसले, धुतलेला सदरा, मागे काकू. तांडेलांनी तोंड फिरवलं.

आयुष्यात पहिल्यांदा अप्पा थोडक्यात बोलले.

"सेट माझ्यासाठी नेले होते. मला ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. संध्याकाळी उत्तर यायचं नाही ते त्यामुळे. सेट दोन्ही चांगले आहेत." मग ते तांडेलांसमोर जाऊन उभे राहिले. "भोंगा दिला होतास म्हणतात. मला नाही रे आला. नऊ माणसं होती. माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही."

तांडेल बघतच राहिले. मग खुर्ची मागे सारून उठले आणि अप्पांचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. "मूर्खा! मला सांगायचंस ना! वर्षभर मी तुला शिव्या घातल्या!"

"त्याही ऐकू आल्या नाहीत," अप्पा म्हणाले.

आधी सिस्टर हसल्या, मग सगळेच. हसताना तांडेल डोळे पुसत होते.

हेडसर मात्र हसले नाहीत. "गेटवर न ऐकणारा माणूस ठेवता येणार नाही," ते सावकाश म्हणाले. "धरणाच्या साहेबांना कळवावं लागेल."

"कळवा," अप्पा म्हणाले. "खाली सही मी करतो. पण उद्या वादळ आहे, आणि ते चाक कुठे अडतं ते माझ्या हातांना ठाऊक आहे."

"आणि ऐकायचं मला," काकू म्हणाल्या. कचेरीच्या हॉलमध्ये, झाडू हातात नसताना, त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "यांचे हात, माझे कान. मला तिथे बसवा."

हेडसरांनी साहेबांना फोन लावला. बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं: उद्यापुरता अप्पांच्या जोडीला एक सरकारी माणूस वर येईल, सेटवर काकू बसतील आणि त्यांचं नाव वहीत लिहिलं जाईल, वादळ ओसरलं की सिस्टर अप्पांना कानाच्या डॉक्टरकडे नेतील, पुढचं त्यानंतर. लाँच, धरण आणि कचेरीला पिवळे सेट, त्यातले दोन धरणाला, कारण तिथे हात ओले आणि आवाज मोठा. दवाखान्याला काळा, कारण सिस्टरांना दात इतर कामांसाठी हवे होते. वायरमनला खांब मिळाला नाही, पण सगळे सेल आणि चार्जर तपासायचं काम मिळालं. शीळ त्याने थोड्या वेळाने पुन्हा सुरू केली.

हेडसरांनी कंपनीला लिहिलेलं पत्र फाडलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, किल्लीबद्दल मी जे विचारलं…"

"राहू द्या, सर," मी म्हटलं. "फक्त बटण दाबल्यावर एक श्वास थांबत जा."

७

गुरुवारी अकरा वाजता टॉवर गेला. वारा असा, की कचेरीची खिडकी आम्ही टेबल लावून धरली होती. सेटशी आई बसल्या होत्या, डोळे मिटून, आणि वहीशी मी.

बाराला पलीकडच्या वस्तीतली एक बाई अडल्याचा निरोप लाँचच्या सेटवरून आला. सिस्टर तिला आणायला लाँचमधून गेल्या. साडेबाराला धरणावरून काकूंचा आवाज आला: पाणी खुणेला लागलं, गेट उघडतोय. त्याच वेळी लाँचमधून तांडेल ओरडले, "थांबा! आम्ही मध्ये आहोत! थांबा!" वाऱ्यात आणि इंजिनात निम्मे शब्द गेले. आईंनी बटण दाबलं, एक श्वास थांबल्या, आणि एक्स्चेंजच्या त्या बत्तीस वर्षांच्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "धरण. लाँच नदीत आहे. गेट थांबवा."

आम्हाला ऐकू आलं ते एवढंच: काकू तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या. सावकाश, एकेक शब्द सुटा. आईंसाठी नाही, तांडेलांसाठी नाही. कठड्याच्या टोकाला कानात वायर घालून चाकाला भिडलेल्या त्यांच्या माणसासाठी.

मी पेन धरून बसले होते.

"थांबलंय," काकू म्हणाल्या.

सात मिनिटं मी घड्याळाकडे बघत होते. मग 'आँच' बोलली: धक्क्याला लागलो, बाई ठीक आहे, सगळे ठीक आहेत. आईंनी निरोप वर दिला आणि गेट उघडलं. त्या दिवशी तीन वाजता दवाखान्यात मुलगी झाली. ती कुणासारखी दिसते यावर सिस्टर आणि तांडेलांनी सेटवर एवढा वाद घातला, की आईंना दोघांना दटावावं लागलं.

पाचच्या सुमाराला वारा पडला. मी एकेका ठाण्याला हाक दिली. दवाखाना, ठीक. लाँच, ठीक. धरण, ठीक, पाणी उतरतंय. काकूंनी एवढं सांगितलं, पण बटणावरचा अंगठा उचलला नाही. दिवसभर दाबून दाबून तो तिथेच बसला असावा. त्यांना कळलंच नाही, आणि जवळ आलेल्या अप्पांचा आवाज सगळ्या गावाच्या सेटवर आला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा, मोठ्याने.

"वर्ष झालं गं तुझा आवाज ऐकून. नुसते ओठ हलताना दिसायचे. परवा कानात आलीस तेव्हा मी मुद्दाम दोनदा हात वर केला नाही. म्हटलं, अजून एकदा बोलेल."

"कळलं होतं मला," काकू म्हणाल्या. "म्हणून तर बोलत राहिले."

मी वही जवळ ओढली. आईंनी हात पुढे केला आणि सेटचा आवाज बारीक बारीक करत पार बंद केला.

"अहो, कुणाला निरोप द्यायचा असला तर?" मी म्हटलं.

"थांबतील," आई म्हणाल्या. "लाइन बिझी आहे."